हायड्रॉलिक तेल दुधाळ झालं होतं: माझा अनुभव

बडोद्यात मकरपुऱ्याच्या आमच्या शेडमधल्या हायड्रॉलिक प्रेसचं तेल ताकासारखं पांढुरकं झालं, म्हणजे त्यात पाणी मिसळलं होतं. साधा १० मायक्रॉनचा फिल्टर दोनदा बदलला. तो कचरा अडवतो, पाणी नाही. निम्मं तेल बदललं, आठवड्यात पुन्हा तेच. वैताग नुसता.

आधी ऑइल कूलर (पाण्याने तेल थंड करणारा) हवेच्या दाबाने तपासला. गळकी नळी सापडली, बुजवली. मग प्रेस रात्रभर बंद ठेवून टाकीचा तळातला प्लग हळूच सैल केला, तेल दिसेपर्यंत पाणी जाऊ दिलं. नंतर छोट्या पंपावर पाणी शोषणारं एलिमेंट (फिल्टरमधली बदलायची गाळणी) लावून तेल सावकाश फिरवलं, तेही थंडच. गरम तेलात पाणी विरघळून राहतं, एलिमेंटला सापडत नाही. एलिमेंट फुगलं की दाब चढतो, तेव्हा बदलायचं. दोन लागली. तापल्या तव्यावर (घरच्या नव्हे!) तेलाचा थेंब टाकला, तडतडला नाही, म्हणजे पाणी गेलं.