वाचनालयाचा इतिहास लिहायचाय? आधी दाखल वही मागा

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा मी पहिले दोन महिने संस्थापकांचे फोटो आणि सत्काराची भाषणं जमवत बसले. ते काम शेवटी करा. आधी दाखल वही मागून घ्या.

पुस्तक कधी आलं, किंमत काय, विकत घेतलं की भेट मिळालं, हे तिच्यात ओळीनं असतं. दरसाल किती पुस्तकं आली ते मोजा. एखाद्या साली खरेदीच नसेल, तर त्या सालचं सभेचं इतिवृत्त उघडा. आमच्याकडे अशा एका वर्षी सगळी वर्गणी छपराच्या कौलांवर गेली होती.

वहीची पानं गहाळ असतील तर पुस्तकांवरचे शिक्के बघा. आपल्या सीमाभागात त्यांच्यावरच्या राज्याच्या नावावरून काळ कळतो. ‘मुंबई राज्य’ असेल तर शिक्का १ नोव्हेंबर १९५६च्या आधी बनलेला, ‘म्हैसूर राज्य’ असेल तर १९५६ ते १९७३मधला, ‘कर्नाटक’ असेल तर त्यानंतरचा. जुना शिक्का काटकसरीनं पुढंही चालवत, म्हणून पुस्तकाच्या छपाईचं सालही टिपा. एका कादंबरीच्या पहिल्या पानावर मला मुंबईचा जांभळा शिक्का दिसला, आणि सतराव्या पानावर म्हैसूरचा, जरा तिरका. माझा हात तिथंच थांबला.

मग बाहेरचे कागद. १८८४चं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटिअर, बेळगावच्या ‘तरुण भारत’ या वृत्तपत्राचे १९१९पासूनचे जुने अंक. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८चं, पुण्याच्या नगर वाचन मंदिराच्या बरोबरीचं. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. आपलं वाचनालय यांच्यानंतर किती वर्षांनी आलं ते जरूर लिहा. १९६५च्या म्हैसूर (आता कर्नाटक) सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालची सरकारी ग्रंथालयं आणि लोकवर्गणीतून उभी राहिलेली संस्था यांची मात्र गल्लत करू नका.

जुनी वही झेरॉक्सच्या यंत्रावर पालथी घालू नका. आमच्या एका वहीची शिवण तशीच उसवली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. खिडकीशी बसून मोबाईलवर फोटो काढा. भर पावसात तर वही बाहेर काढूच नका. दमट पानं एकमेकांना चिकटतात.

जुन्या सभासदांना नुसतं ‘आठवणी सांगा’ म्हटलं की भाषण सुरू होतं. त्यांच्यासमोर देवघेवीच्या वहीतलं त्यांचं पान ठेवा. आमच्या गल्लीतल्या आजींनी आपली सही ओळखली, तिच्यावर बोट ठेवलं आणि कुठल्या पावसाळ्यात कुठलं पुस्तक कंदिलाशी बसून वाचलं, ते तासभर सांगितलं.