इंदूरच्या गिऱ्हाइकाला दिरहॅममध्ये भाव: वूकॉमर्सवर काय जुळवलं

महेश्वरी साड्यांची साइट, चालते वूकॉमर्सवर (वर्डप्रेसच्या साइटला ऑनलाइन दुकान जोडणारं प्लगइन), दुकान इंदूरचं, गिऱ्हाइकं दुबई-न्यू जर्सीपर्यंत. लक्षण असं: दुबईहून कुणी पान उघडलं की त्यानंतर इंदुरातही त्याच साडीचा भाव दिरहॅममध्ये दिसे. कार्टमध्ये मात्र रुपये बरोबर.

विनिमय दर पुन्हा भरले, चलनाचं प्लगइन बदललं, फरक शून्य. कॅश (पुन्हा दाखवायला साठवून ठेवलेली पानाची प्रत) पुसली की तेवढ्यापुरतं बरं. डोकं फिरायची वेळ!

खरी खूण कार्टचीच होती. कार्ट आणि चेकआउट कॅशमध्ये ठेवत नाहीत. उत्पादनाचं पान ठेवतात, आणि पहिल्या पाहुण्याचं चलन पुढच्यांना मिळतं.

उपाय याच क्रमाने करा. मॅक्समाइंडवर (आयपी पत्त्यावरून पाहुण्याचा देश ओळखणारी सेवा) मोफत खातं काढून लायसन्स की घ्या, ती वूकॉमर्सच्या सेटिंग्जमध्ये इंटिग्रेशनखाली भरा. नवी की चालू व्हायला काही मिनिटं लागतात. लगेच एरर आला तर घाबरू नका. मग जनरलमध्ये 'डिफॉल्ट कस्टमर लोकेशन'ला 'जिओलोकेट, विथ पेज कॅशिंग सपोर्ट' निवडा. आता पानाच्या यूआरएलच्या शेवटी '?v=' आणि काही अक्षरं दिसतील. दिसायला ओंगळ, पण देशागणिक वेगळी प्रत त्यामुळेच राहते. म्हणून कॅश प्लगइन किंवा सीडीएन (जागोजागच्या सर्व्हरांवरून पानं पुरवणारी सेवा) हा 'v' दुर्लक्षित करत नाही ना, ते तपासा. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. शेवटी सर्व्हर आणि सीडीएन, दोन्हींची कॅश पुसा.

चाचणी लॉग-आउट होऊन, खाजगी विंडोत, व्हीपीएनवरून (म्हणजे दुसऱ्या देशातून आल्यासारखं) घ्या. लॉग-इन असताना बहुधा कॅशचं पान येतच नाही, त्यामुळे सगळं ठीकच वाटतं.