उपग्रहचित्रात शिवार वाचताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या वीटभट्ट्यांनी किती जमीन खाल्ली ते गुगल अर्थवर मोजायला बसलो आणि पहिल्याच दिवशी भट्टीशेजारी एक टेकडी सापडली. चांगली गोलमटोल. जाऊन बघितलं तर शेतवाले मामा हसायलाच लागले. "टेकडी कुठली ओ, खड्डा हाय तो. माती सगळी भट्टीला गेली की."

ही चूक भल्याभल्यांची होते. चित्रात उत्तर दिशा वर असते. बरेच उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास फोटो घेतात. हिवाळ्यात तेव्हा ऊन आग्नेयेकडून येते आणि सावली वायव्येला पडते. डोळा मात्र उजेड चित्राच्या वरच्या बाजूनेच येणार असे धरून चालतो, त्यामुळे खाणीचे टेकाड होते. चित्र फिरवून दक्षिण वर घ्या, खड्डा लगेच खाली बसतो.

तारीख न बघता तुलना करू नका. हिडकलचा जलाशय ऑक्टोबरात भरलेला आणि मेमध्ये उघडा पडलेला दिसणारच. त्यावरून 'धरण आटले' म्हणणे म्हणजे कमालच. महिना तोच ठेवा, वर्ष बदला. एकाच पडद्यावर दोन तारखांचे तुकडे जोडलेले असतात, तो जोड बांध समजू नका.

चिकोडी-निपाणीकडच्या उसाच्या पट्ट्यात काळा चौकोन दिसला की लोक कारखान्याच्या सांडपाण्यावर खापर फोडतात. बहुतेकदा ते जाळलेले पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला असतो. महिना-दीड महिन्यानंतरचे चित्र काढा: खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून येणारे पीक) फुटला असेल तर हिरवे दिसेल, सांडपाण्याचा तलाव असेल तर काळाच राहील. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात, साधारण दर 5 दिवसांनी. त्यांचा एक ठिपका 10 मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळपास एक गुंठा. चार गुंठ्यांचा खड्डा त्यावर मोजायला जाऊ नका, कडेचे ठिपकेच फसवतात. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा ठिपका तर नऊ गुंठ्यांचा. पण 1984 पासूनचा बदल बघायचा तर तोच कामाचा.

ड्रोन उडवणार असाल तर बेळगावचा सांबरा विमानतळ आणि लष्करी हद्द लक्षात ठेवा. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी 'डिजिटल स्काय'चा नकाशा आधी उघडा. हिरव्या क्षेत्रातही मर्यादा 400 फुटांची.

मामांचा तो खड्डा पावसाळ्यानंतरच्या चित्रात पाण्याने चकाकतो. माझ्या यादीत तो दोन महिने 'शेततळे' म्हणून नांदला.