पाळणाघराचा खर्च कसा मांडावा आणि मदत कोठे मागावी : बडोद्यातील नोकरदार कुटुंबांसाठी

बाळ सहा महिन्यांचे होत आले आणि आईची रजा संपत आली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : "अर्धा पगार पाळणाघरातच जाणार असेल, तर नोकरी करायची तरी कशाला?" दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील जुन्या घरांत आजी, काकू, आत्या हाताशी असत, त्यामुळे हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. आता मांजलपूर, गोत्री किंवा वाघोडिया रस्त्यावरील दोन खोल्यांच्या सदनिकेत नवरा-बायको दोघेच राहतात आणि आजी-आजोबा नाशिकला, साताऱ्याला किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला असतात. नोकरी सोडण्याचा निर्णय चूक की बरोबर, हे बाहेरच्या माणसाने सांगू नये. मात्र तो निर्णय ज्या हिशेबावर घेतला जातो, तो हिशेब बहुधा अपुरा असतो आणि जी मदत हक्काने मिळू शकते ती मागितलेलीच नसते, हे मी माझ्या मुलीच्या वेळी आणि नंतर नात्यातल्या चार-पाच घरांत पाहिले आहे. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात खर्चापासून करावी. पाळणाघराच्या दारात सांगितली जाते ती मासिक फी, आणि ती म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. प्रवेश फी, अनामत रक्कम, नाश्ता-जेवणाचे वेगळे पैसे, ठरलेल्या वेळेनंतर मूल नेल्यास होणारी आकारणी, रिक्षा किंवा व्हॅन, आणि पाळणाघर बंद असलेल्या दिवसांची सोय, हे सगळे त्यात मिळवावे लागते. शेवटची बाब आपल्या शहरात विशेष महत्त्वाची आहे. दिवाळीत अनेक ठिकाणी लाभपाचमेपर्यंत दार उघडत नाही, उत्तरायणाचे दोन दिवस जातात, आणि कारखान्यात काम करणाऱ्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असे नाही. पाळणाघर बंद आणि कामावर हजेरी, असे वर्षातले किती दिवस येतील, ते दिनदर्शिका समोर ठेवून मोजावे.

एक उदाहरण मांडतो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. तुम्ही विचारून आणलेले दर त्यांच्या जागी घालावेत. समजा मासिक फी ६,००० रुपये, वर्षातून एकदा प्रवेश फी ५,००० रुपये, रिक्षा दरमहा १,८०० रुपये, उशिराची आकारणी सरासरी दरमहा ४०० रुपये, आणि बंद असलेल्या १२ दिवसांसाठी घरी बाई ठेवल्यास रोजचे ५०० रुपये. वर्षाचे होतात ७२,००० अधिक ५,००० अधिक २१,६०० अधिक ४,८०० अधिक ६,०००, म्हणजे १,०९,४०० रुपये. महिन्याला सुमारे ९,१०० रुपये पडले. ज्या घरात सहा हजारांचीच तयारी होती, तिथे दर महिन्याला तीन हजारांची ओढाताण होते आणि मग दोष पाळणाघराला किंवा आईच्या नोकरीला दिला जातो. अनामत परत मिळणारी असल्याने ती खर्चात धरली नाही. परंतु ती परत कधी आणि कोणत्या अटीवर मिळेल, हे पावतीवर लिहून घ्यावे. मुलीला पाळणाघरातून काढताना, एक महिना आधी लेखी कळवले नव्हते या कारणावरून आमची अनामत गेली, आणि तशी अट आम्हाला प्रवेशाच्या वेळी कोणी दाखवली नव्हती.

आता हिशेबाची दुसरी बाजू. हा खर्च एकट्या आईच्या पगारातून वजा करण्याची पद्धत सोडून द्यावी. मूल दोघांचे आहे, तेव्हा खर्च घराच्या एकत्रित उत्पन्नातूनच वजा झाला पाहिजे. शिवाय नोकरी सुटली की हातात येणाऱ्या रकमेबरोबर इतरही बरेच जाते. भविष्य निर्वाह निधी १५,००० रुपये वेतनावर कापला जात असेल, तर कर्मचाऱ्याचे १,८०० आणि मालकाचे १,८०० असे दरमहा ३,६०० रुपये निधी व निवृत्तिवेतन खात्यांत जमा होत असतात; ते थांबतात. वार्षिक वेतनवाढ थांबते, ग्रॅच्युइटीसाठी धरली जाणारी सलग सेवा तुटते, आणि मूल शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा नोकरी शोधताना पूर्वीचाच पगार मिळेल याची खात्री नसते. पाळणाघराचा खर्च तीन-चार वर्षांचा असतो आणि मूल मोठे होते तसा तो कमी होत जातो. सोडलेल्या नोकरीचे नुकसान मात्र पुढे पंधरा-वीस वर्षे जाणवते. दोन्ही बाजू एकाच कागदावर लिहून मग घरात बोलावे.

मदतीचे पहिले दार म्हणजे कामाचे ठिकाण, आणि नेमके हेच दार सर्वांत कमी वेळा ठोठावले जाते. मातृत्व लाभ कायदा, १९६१ मध्ये २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. त्याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये हे बंधन कलम ६७ म्हणून कायम आहे. येथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पन्नास ही संख्या एकूण कर्मचाऱ्यांची आहे, त्यात पुरुषही मोजले जातात. "आमच्याकडे बायका पाच-सहाच आहेत" हे उत्तर त्यामुळे टिकत नाही. आणि पाळणाघर कंपनीच्या आवारातच असले पाहिजे असेही नाही. सरकारी, महानगरपालिकेच्या, खासगी किंवा स्वयंसेवी संस्थेच्या पाळणाघराशी व्यवस्था करून किंवा अनेक आस्थापनांनी मिळून एकच पाळणाघर चालवूनही मालकाला ही जबाबदारी पार पाडता येते. मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत, जिथे शेजारी शेजारी मध्यम आकाराचे कारखाने आहेत, तिथे हा सामाईक मार्ग सर्वांत स्वस्त आणि व्यवहार्य आहे असे माझे मत आहे. सोय उपलब्ध असेल, तेथे आईला विश्रांतीच्या वेळेसह दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे.

मागणी तोंडी करू नये. रजेवर जाण्यापूर्वीच, म्हणजे सातव्या महिन्याच्या सुमारास, मनुष्यबळ विभागाला एक पानाचे पत्र द्यावे. त्यात नाव, कर्मचारी क्रमांक, प्रसूतीची अपेक्षित तारीख, कामावर परतण्याची अंदाजे तारीख, आस्थापनेत पन्नास किंवा अधिक कर्मचारी असल्याचा उल्लेख आणि कलम ६७ चा संदर्भ असावा. पुढे तीन पर्याय विचारावेत : कंपनीचे स्वतःचे पाळणाघर आहे काय, नसल्यास शेजारच्या आस्थापनेशी सामाईक व्यवस्था करता येईल काय, आणि तेही शक्य नसल्यास जवळच्या खासगी पाळणाघराचा खर्च कंपनी उचलेल काय. कामाचे स्वरूप घरून करण्याजोगे असेल, तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याची मुभा परस्परसंमतीने मागण्याची तरतूदही संहितेत आहे. तीही याच पत्रात लिहावी. पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी किंवा ई-मेलने पाठवावे. भाषा विनंतीची असावी, कारण त्याच माणसांबरोबर पुढे काम करायचे असते. दोन-तीन सहकारी मिळून पत्र दिल्यास त्याचा विचार लवकर होतो. उत्तर आलेच नाही, तर कामगार खात्याकडे जाताना हीच पोच उपयोगी पडते.

दुसरे दार सरकारी योजनांचे. येथे शब्दांमुळे गोंधळ होतो, म्हणून आधी सांगून ठेवतो : आपण ज्याला पाळणाघर म्हणतो, त्याला गुजराती कागदपत्रांत आणि बोलण्यात 'घोडियाघर' म्हणतात, कारण घोडियुं म्हणजे पाळणा. अंगणवाडीत जाऊन "पाळणाघर आहे का?" असे विचारल्यास बेन, म्हणजे तेथील सेविका, गोंधळतील, "घोडियाघर आहे का?" असे विचारावे. केंद्र सरकारच्या महिलांसाठीच्या 'मिशन शक्ती' कार्यक्रमांतर्गत 'पालना' ही योजना १ एप्रिल २०२२ पासून चालू आहे. जुनी राष्ट्रीय पाळणाघर योजना तिच्यात सामावली गेली असून, काही अंगणवाड्यांनाच जोडून पाळणाघर चालवण्याची कल्पना त्यात आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुले, एका केंद्रात २५ पर्यंत मुले, महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास, असे तिचे स्वरूप आहे. साडेसात तासांत नोकरी आणि जाण्यायेण्याचा वेळ पूर्ण बसत नाही, हे आधीच लक्षात घेऊन संध्याकाळच्या दीड-दोन तासांची सोय शेजारी किंवा नात्यात करावी लागेल. आपल्या प्रभागात असे केंद्र आहे की नाही, याची चौकशी महानगरपालिकेच्या आयसीडीएस (एकात्मिक बालविकास सेवा) शाखेत, म्हणजे अंगणवाड्यांचे काम पाहणाऱ्या शाखेत, करावी.

पूर्ण दिवसाचे केंद्र नसले तरी साध्या अंगणवाडीला कमी लेखू नये. तीन वर्षांवरील मुलाला तेथे सकाळचे शिक्षण आणि गरम आहार विनामूल्य मिळतो; मग पाळणाघर फक्त दुपारपासून लावता येते आणि अर्ध्या दिवसाचा दर बहुधा बराच कमी असतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना 'बालशक्ती' या पौष्टिक पिठाची पाकिटे घरी मिळतात. 'अंगणवाडी गरिबांसाठी असते' ही समजूत आपल्या मध्यमवर्गीय घरांत खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यामुळे आपणच तोट्यात राहतो. ताराबाई मोडकांनी याच गुजरातेत, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले आणि पुढे बोर्डीला अंगणवाडीची कल्पना प्रत्यक्षात आणली. तिचा वारसा आपल्या दोन्ही भाषांचा आहे. मूल पाच वर्षांचे झाले की महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांतील बालवाटिकेचा विनामूल्य पर्यायही खुला होतो.

गरोदरपणाच्या काळातील मदत थेट पाळणाघरासाठी नसली, तरी त्या वर्षाचा भार हलका करते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र कुटुंबातील आईला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एका हप्त्यात मिळतात. मात्र नियमित सरकारी नोकरीत असलेल्यांना किंवा असाच लाभ दुसऱ्या कायद्याने मिळणाऱ्यांना ती लागू नाही. गुजरात सरकारची मुख्यमंत्री मातृशक्ती योजना तर १८ जून २०२२ रोजी बडोद्यातच सुरू झाली. तिच्यात गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांत दरमहा दोन किलो चणे, एक किलो तूरडाळ आणि एक लिटर तेल अंगणवाडीतून मिळते. या दोन्हींची नोंद अंगणवाडीतच होते, त्यामुळे गरोदरपण कळताच तेथे नाव घालावे.

प्रतापनगरच्या रेल्वे कार्यालयात किंवा केंद्राच्या इतर खात्यांत असणाऱ्यांची स्थिती वेगळी आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना, तसेच एकट्याने मूल सांभाळणाऱ्या पुरुषांना, संपूर्ण सेवेत पहिल्या दोन अपत्यांसाठी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. पहिले ३६५ दिवस पूर्ण वेतनावर आणि पुढचे ३६५ दिवस ८० टक्के वेतनावर. ही सगळी रजा पहिल्या दोन वर्षांतच संपवू नये, कारण मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत ती घेता येते आणि दहावी-बारावीच्या वर्षीही तिची गरज भासते.

करातून फार अपेक्षा ठेवू नये. जुन्या करपद्धतीत दोन मुलांपर्यंतची शिक्षण फी दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत वजा होते आणि त्यात प्ले-स्कूल, नर्सरी यांची फी धरली जाते. नुसत्या सांभाळण्याचे पैसे धरले जात नाहीत. म्हणून प्ले-स्कूल आणि पाळणाघर एकाच ठिकाणी असल्यास शिक्षण फीची पावती वेगळी मागावी. नव्या करपद्धतीत ही वजावट मिळत नाही.

स्वस्त म्हणून कोणतेही पाळणाघर निवडावे असे मात्र नाही. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांखालील दहा मुलांमागे किमान एक सांभाळणारी व्यक्ती असावी. जेथे एकच बाई पंधरा-वीस तान्ह्या मुलांना सांभाळते, तेथील दर कमी का आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. दुपारी दोनच्या सुमारास, मुले झोपलेली असताना, न कळवता एकदा जाऊन पाहावे. जागा, स्वच्छता, पिण्याचे पाणी आणि माणसे किती आहेत ते तेव्हा खरे दिसते. तळमजल्यावरचे पाळणाघर सोयीचे असते, पण ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले ते आठवून, सखल भागात असल्यास पावसाळ्यात मुलांना कोठे हलवणार आणि पालकांना कसे कळवणार, हे स्पष्ट विचारावे.

घरी आजी असेल, तर सगळा दिवस तिच्यावर टाकण्याऐवजी मूल अर्धा दिवस पाळणाघरात ठेवावे आणि वाचलेल्या पैशांतून स्वयंपाकाला किंवा धुण्या-भांड्याला बाई लावावी. पासष्टीच्या पुढे रांगत्या मुलामागे आठ तास धावणे सोपे नसते, आणि आजी स्वतःहून ते बोलून दाखवत नाही.

प्रवेश घेताना फीचा तक्ता, बंद राहण्याच्या दिवसांची यादी, उशिराच्या आकारणीचा दर, सोडताना किती दिवस आधी कळवायचे आणि अनामत परतीची अट, या पाच गोष्टी लेखी घ्याव्यात. आपल्याखेरीज मुलाला कोण नेऊ शकते त्यांची नावे व छायाचित्रे द्यावीत, आणि सर्व पावत्या एकाच फाईलमध्ये ठेवाव्यात. कंपनीने खर्च उचलण्याचे मान्य केले, तर मागील महिन्यांच्या पावत्याच सर्वांत आधी मागितल्या जातात.