स्कोअर वाजतो, पण वादकाला वाचता येत नाही: नोटेशन सॉफ्टवेअरच्या या चुका टाळा

"फक्त एकदा नजर टाका, प्लेबॅक एकदम परफेक्ट आहे." रिहर्सलच्या आदल्या रात्री पार्ट्सच्या (म्हणजे प्रत्येक वादकाच्या वेगळ्या पानांच्या) फाइलसोबत असा निरोप आला, की आजची झोप गेली हे मी समजून जाते.

प्लेबॅक चांगला वाजला, याचा अर्थ एवढाच की स्वर बरोबर आहेत. कॉम्प्युटरला पान वाचावं लागत नाही, श्वास घ्यावा लागत नाही, पान उलटायला हात मोकळा लागत नाही. म्यूझस्कोर घ्या, सिबेलियस घ्या, डोरिको घ्या, चुका त्याच. आणि बहुतेकांचं मूळही एकच: पानावर एखादी गोष्ट दिसली म्हणजे सॉफ्टवेअरला ती कळली, असं धरून चालायचं.

वाद्याचं नाव खोडून दुसरं लिहिणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे, म्हणून तिला जागाही जास्त.

नवीन फाइल उघडली, पियानोचा स्टाफ (पाच रेघांची ओळ) समोर आला. हवा होता क्लॅरिनेट. मग नावावर डबल क्लिक, 'पियानो' खोडलं, 'बी फ्लॅट क्लॅरिनेट' टाइप केलं, झालं काम! काहीही झालेलं नाही. दुकान तेच आहे, तुम्ही फक्त पाटी बदललीत. सॉफ्टवेअरच्या लेखी तो स्टाफ अजून पियानोचाच आहे.

बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिलेल्या स्वरापेक्षा एक मेजर सेकंड खाली वाजतो. एफ हॉर्न परफेक्ट फिफ्थ खाली, ऑल्टो सॅक्सोफोन मेजर सिक्स्थ खाली, आणि टेनर सॅक्सोफोन तर एक ऑक्टेव्ह आणि वर आणखी मेजर सेकंड इतका खाली. तुम्ही यादीतून खरा क्लॅरिनेट निवडला असेल, तर पार्ट छापताना सॉफ्टवेअर सगळे स्वर तेवढे वर चढवून देतं. पियानोला ते कशाला चढवेल?

एका रिहर्सलला असाच स्कोअर आला होता. अरेंजर तरुण, कानाचा पक्का, हार्मनी खरोखर सुरेख. व्हायोलिन, चेलो, पियानो, क्लॅरिनेट, ऑल्टो सॅक्स, हॉर्न असा संच. रचना बी फ्लॅट मेजरमध्ये. स्टँडवर पार्ट्स ठेवले जात असताना माझं लक्ष गेलं: प्रत्येक पार्टवर दोन फ्लॅट. पोटात गोळाच आला. या रचनेत क्लॅरिनेटच्या पार्टवर एकही फ्लॅट असायला नको, हॉर्नच्या पार्टवर एकच हवा आणि ऑल्टो सॅक्सच्या पार्टवर एक शार्प.

मी तोंड उघडेपर्यंत पहिला डाउनबीट पडलासुद्धा. व्हायोलिन, चेलो आणि पियानो बी फ्लॅटमध्ये, क्लॅरिनेट ए फ्लॅटमध्ये, हॉर्न ई फ्लॅटमध्ये आणि सॅक्स डी फ्लॅटमध्ये. कोणीही चुकीचं वाजवत नव्हतं, समोर लिहिलंय तेच प्रत्येकजण वाजवत होता. अरेंजरचं पहिलं वाक्य: "पण लॅपटॉपवर बरोबर वाजतंय!" आणि त्याने लॅपटॉप उघडून वाजवूनही दाखवलं. वाजत होतंच बरोबर. पियानोच्या स्टाफवर न वाजायला काय झालं?

क्लॅरिनेटवाले काका जुने. त्यांनी निमूटपणे सगळं एक टोन वर वाचायला घेतलं. सॅक्सवाल्या मुलाला पहिल्या वाचनात सिक्स्थ वर चढवणं जमण्यासारखं नव्हतं, तो वाद्य मांडीवर ठेवून बसून राहिला. मग तिथेच फाइल उघडली आणि नाव नव्हे, वाद्य बदललं. तसं केलं की ऐकू येणारे स्वर जागचे हलत नाहीत, लिहिलेले बदलतात. पण लगेच दुसरी भानगड निघाली: सॅक्सच्या जवळजवळ अर्ध्या ओळी लाल झाल्या, म्हणजे स्वर वाद्याच्या रेंजबाहेर. पियानोची रेंज एवढी मोठी, की सॉफ्टवेअरने तोवर हूं की चूं केलं नव्हतं. ते स्वर इतर वाद्यांत वाटून देण्यात रिहर्सलचा निम्मा वेळ गेला.

तेव्हा वाद्य नेहमी यादीतून निवडा. स्टाफ आधीच भरला असेल तर वाद्य बदलण्याची सोय वापरा. म्यूझस्कोरमध्ये ती स्टाफ आणि पार्टच्या प्रॉपर्टीजमध्ये आहे, डोरिकोमध्ये सेटअप मोडमध्ये वादकाच्या कार्डावर. मी स्वतः लिहिताना कन्सर्ट पिच (स्वर ऐकू येतात तसेच दाखवण्याची सोय) चालू ठेवते, छापण्याआधी ते बंद करते आणि स्वर बघायच्याही आधी प्रत्येक ट्रान्सपोजिंग वाद्याची, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा वेगळा स्वर वाजणाऱ्या वाद्याची, की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीचे शार्प-फ्लॅट) बघते. सगळीकडे सारखीच दिसली तर पुढे बघण्यात अर्थ नाही.

याचा उलटा प्रकारही आहे. वाद्य बरोबर निवडलेलं असतं, पण 'क्लॅरिनेटला एक टोन वर लिहायचं' हे कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणून हातानेही चढवतात. दोनदा चढवलेला पार्ट.

सगळा मजकूर एकाच प्रकारचा समजणं

'पिझ.', 'रिट.', 'अलेग्रो', 'सोलो': नवशिक्यासाठी ही सगळी नुसती अक्षरं. जे टेक्स्टचं बटण आधी सापडलं त्यानेच सगळं लिहून मोकळे होतात. सॉफ्टवेअरसाठी मात्र यातलं काही एका स्टाफचं असतं आणि काही सगळ्यांचं. म्यूझस्कोरमध्ये कंट्रोल-टीने लिहिलेला मजकूर त्या एका स्टाफपुरताच राहतो. कंट्रोल-शिफ्ट-टीने लिहिलेला प्रत्येक पार्टमध्ये जातो. टेम्पोचा प्रकार वेगळा, डायनॅमिक्सचा वेगळा.

फरक कुठे पडतो? स्कोअरमध्ये 'रिट.' (सावकाश होत जा) सगळ्यात वरच्या स्टाफच्या डोक्यावर छान दिसतो. वरचा स्टाफ असतो बासरीचा. पार्ट्स छापले की तो 'रिट.' फक्त बासरीवाल्याच्या पानावर उतरतो. मग रिहर्सलमध्ये एक माणूस भावपूर्ण रीतीने सावकाश होत जातो आणि बाकीचे त्याला मागे टाकून शेवटच्या बारपर्यंत पोचतात. ही गंमत मी इतक्या वेळा पाहिलीय की आता हसूही येत नाही. रिहर्सल मार्कचंही, म्हणजे जागा सांगायला बारवर टाकलेल्या अक्षरांचंही, तेच. चौकटीत हाताने 'ए' लिहू नका, रिहर्सल मार्कचीच आज्ञा वापरा. नाहीतर कंडक्टर "बी पासून" म्हणतो आणि निम्मे वादक पानावर बी शोधत बसतात.

की-बोर्डवर वाजवायचं आणि सॉफ्टवेअरला लिहायला लावायचं

घाई असणाऱ्यांचा लाडका मार्ग. मिडी की-बोर्ड जोडला, रेकॉर्ड दाबलं, दिलखुलास वाजवलं. पानावर काय उमटतं? बत्तिसाव्या नोटेला टाय करून (कमानीने जोडून) क्वार्टर, त्यापुढे चौसष्टाव्याची रेस्ट, त्यापुढे कुठलासा ट्रिप्लेट. माणूस मेट्रोनोमच्या किंचित मागेपुढे वाजवतो, त्यालाच आपण छान वाजवणं म्हणतो. सॉफ्टवेअर तेवढंही इमानेइतबारे लिहून काढतं. क्वांटाइझ (नोटा ठोक्यांवर नीट बसवण्याची सोय) वापरलं तरी स्टॅकाटो वाजवलेला क्वार्टर 'सोळावी नोट आणि मागे रेस्टची रांग' असाच निघतो. हे साफ करायला लागणाऱ्या वेळात तोच भाग सरळ लिहून झाला असता.

उजवा हात नोटेच्या लांबीसाठी, डावा मिडी की-बोर्डवर स्वरासाठी, एकेक नोट: माझी पद्धत ही. आठवडाभर हळू वाटते, नंतर हात आपोआप चालतो. फक्त लांबीचे आकडे प्रोग्रॅमप्रमाणे बदलतात. क्वार्टर नोट म्यूझस्कोरमध्ये ५, डोरिकोमध्ये ६, सिबेलियसच्या कीपॅडवर ४. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी शिकायला घेणाऱ्यांना माझ्या शुभेच्छा.

की-बोर्डवरून आलेल्या स्वरांची नावंही तपासा. ए फ्लॅट आणि जी शार्प यांची कळ एकच, त्यामुळे सॉफ्टवेअर अंदाजाने काहीतरी लिहितं. ई फ्लॅट मेजरच्या ओळीत अचानक डी शार्प आला की वादक ठेचकाळतो. म्यूझस्कोरमध्ये नोट निवडून 'जे' दाबा, नाव बदलतं.

बारचा मध्य लपवणं

चार-चारच्या बारमध्ये एक एट्थ, तीन क्वार्टर, एक एट्थ असं लिहिलं तर बेरीज बरोबर येते, पण तिसरा ठोका कुठे पडतो ते दिसत नाही. मधला क्वार्टर तोडून दोन एट्थ टायने जोडा, म्हणजे बारचे दोन अर्धे डोळ्यांना वेगळे दिसतील. डोरिको हे बरंचसं आपणहून करतो. म्यूझस्कोरमध्ये 'रीग्रुप रिदम्स' आहे, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

एकेका ओळीत निपटता येतील अशा

टायच्या जागी स्लर (वेगवेगळे स्वर सलग वाजवायची कमान). एकाच स्वराच्या दोन नोटांवर स्लर टाकला तर सॉफ्टवेअर ती नोट दोनदा वाजवतं आणि व्हायोलिनवाला विचारतो, "एका बोमध्ये दोनदा का?"

गाण्याचे शब्द साध्या टेक्स्टमध्ये स्पेस देऊन देऊन नोटांखाली बसवणं. लिरिक्स मोड आहे. त्यात स्पेसने पुढच्या नोटेवर जाता येतं, हायफनने शब्द तुटतो. शब्द देवनागरीत असतील तर जोडाक्षरं पीडीएफमध्ये नीट उमटली का, ते बघा.

रिकामे सोळा बार सोळा वेगवेगळ्या चौकटींत छापणं. मल्टी-बार रेस्ट चालू करा, वादकाला मोजायचं काम तसंही आहेच.

व्हायोलिनला खुल्या डी तारेच्या खालचे दोन स्वर एकदम देणं. डीच्या खालचे स्वर फक्त जी तारेवरच मिळतात, तेव्हा डीखालचे दोन स्वर एकत्र वाजूच शकत नाहीत. प्लेबॅक मात्र खुशाल वाजवतो.

माउसने ओढाओढ

स्लर नोटेवर चढलाय, ओढा. डायनॅमिक खालच्या ओळीला टेकतंय, ओढा. आणि हे सगळं रचना अर्धीच असताना! नंतर बाविसाव्या बारच्या आधी दोन बार घुसवले की ओळी पुढे सरकतात आणि हाताने बसवलेलं सगळं विस्कटतं. ओढून लांब नेलेला मजकूर दिसतो एका बारवर आणि खरा अडकलेला असतो दुसऱ्याच बारला. पार्टमध्ये तो कुठे उगवेल याचा नेम नाही. आधी स्वर पूर्ण करा, मग आर्टिक्युलेशन आणि डायनॅमिक्स, पानाची मांडणी सगळ्यात शेवटी. तेव्हाही आधी स्टाफमधलं अंतर सेटिंगमधून वाढवा. त्यातून जे उरेल तेवढंच ओढा.

पार्टची मांडणी स्कोअरपासून वेगळी करावी लागते, हेही बऱ्याच जणांच्या गावी नसतं. 'एका पानात बसवलं' असं अभिमानाने सांगणाऱ्यांना मी तो पार्ट स्टँडवर ठेवून हातभर मागे उभं राहून वाचायला लावते. म्यूझस्कोरमध्ये एक स्पेस (स्टाफच्या दोन रेघांमधलं अंतर) मुळात पावणेदोन मिलिमीटरची असते, म्हणजे पूर्ण स्टाफ सात मिलिमीटरचा. पार्टमध्ये त्याच्या खाली जाऊ नका. दोन पानं झाली तर होऊ द्या, फक्त पान उलटायच्या जागी रेस्ट येईल अशा ठिकाणी ओळ तोडा.

फाइल

म्यूझस्कोर ४ मध्ये सेव्ह केलेली फाइल म्यूझस्कोर ३ उघडत नाही. समोरच्याकडे कोणती आवृत्ती आहे ते पाठवण्याआधीच विचारा. वादकांना पीडीएफ, अरेंजरला मूळ फाइल आणि सोबत म्यूझिकएक्सएमएल (एका नोटेशन प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेता येणारी फाइल), असा माझा शिरस्ता आहे.

पूर्ण झालेल्या प्रत्येक कामाचं म्यूझिकएक्सएमएल काढून ठेवा. १९८८ पासून चालत आलेल्या फिनाले या नोटेशन प्रोग्रॅमचं पुढचं काम थांबवत असल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं. ज्यांचं सगळं लिखाण फक्त त्याच फाइलींमध्ये होतं, त्यांना ते दुसरीकडे हलवायला धावपळ करावी लागली. म्यूझिकएक्सएमएलमधून स्वर, लय, स्लर, शब्द असं बहुतेक सगळं जातं, पानाची मांडणी पूर्णपणे जात नाही. म्हणून पीडीएफही सोबत ठेवाच. आणि काढलेली फाइल लगेच दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडा. आधी ट्युप्लेट (ट्रिप्लेटसारखे गट) बघा, मग एकाच स्टाफवरचा दुसरा व्हॉइस (वेगळ्या लयीची दुसरी ओळ), मग गाण्याचे शब्द. बिघडलेलं असलं तर बहुधा तिथेच सापडतं.