मुलांच्या संस्थेत जोखीम आणि विमा कसा सांभाळावा

मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत जोखीम आणि विम्याची जबाबदारी अंगावर आली की पहिल्या दिवशी हात पॉलिसीच्या फाइलकडे जातो. ती फाइल दोन-तीन आठवडे तशीच राहू द्या. संस्था प्रत्यक्षात काय काय करते हे माहीत नसेल, तर पॉलिसीतलं कोणतं कलम आपल्याला लागू पडतं ते ओळखूच येत नाही. बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात: मैदानावर एक चाललेलं असतं आणि कागदावर दुसरंच लिहिलेलं असतं.

आधी उपक्रमांची खरी यादी करा. वार्षिक अहवालातून ती उचलू नका. तिथे ‘उन्हाळी शिबिर’ एवढंच लिहिलेलं असतं आणि त्या दोन शब्दांत पोहणं, शेकोटी, रात्रीचा मुक्काम, भाड्याची बस असं सगळं दडलेलं असतं. प्रत्येक संयोजकाजवळ बसून विचारा: मुलं किती, वय काय, सोबत मोठी माणसं किती, जायचं-यायचं कसं, पाणी आहे का, आग आहे का, उंची आहे का, एखादा भाग बाहेरच्या ठेकेदाराकडे दिलाय का. शेवटी हे विचाराच: एखादं मूल एकाच मोठ्या माणसाबरोबर एकटं असेल असा प्रसंग कधी येतो का? उत्तर पटकन ‘नाही’ आलं तर गाडी, आजारी मुलांची खोली, स्वच्छतागृह आणि उशिरा घ्यायला येणारे पालक, असं एकेक नाव घेऊन पुन्हा विचारा.

यावरून जोखीम नोंदवही तयार होते. पहिल्या वर्षी 15 ते 20 ओळी पुरतात. शंभर ओळींची वही कोणी उघडत नाही. शक्यतेला 1 ते 5, परिणामाला 1 ते 5 गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा, ही रूढ पद्धत. तिच्यात एक मोठी फट आहे. गुडघा खरचटण्याची शक्यता 5, परिणाम 1. मूल दगावण्याची शक्यता 1, परिणाम 5. दोन्हींचा गुणाकार 5 येतो आणि तक्त्यात दोन्ही शेजारी बसतात. म्हणून परिणाम 5 असलेली प्रत्येक ओळ, गुणाकार काहीही येवो, वेगळी काढून कार्यकारी मंडळासमोर ठेवा. प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव आणि तारीख हवी. ‘सर्व स्वयंसेवक’ जबाबदार असं लिहिलं, तर ते काम कोणाचंच राहत नाही.

उपाय शोधताना क्रम पाळा. धोका काढून टाकता येतो का? त्याऐवजी कमी धोक्याचं काही करता येतं का? जागेची मांडणी बदलता येते का? त्यानंतर नियम आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेटसारखी साधनं. नदीऐवजी जीवरक्षक असलेला तलाव निवडणं हा दुसऱ्या पायरीचा उपाय, आणि तो दहा सूचनाफलकांना भारी पडतो. ‘मुलांना सूचना द्याव्यात’ हा उपाय नोंदवहीत फार वेळा दिसला, तर वही घाईत भरली आहे असं समजा.

मुलांच्या कामात सर्वांत गंभीर हानी मुख्यतः तीन ठिकाणी होते: पाणी, वाहन आणि माणसं.

पाण्यात बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. श्वास घेण्याचीच धडपड चाललेली असते, हाक मारायला हवा उरत नाही. मिनिटभराच्या आत ते पाण्याखाली जाऊ शकतं. त्यामुळे ‘आवाज आला की धावू’ ही व्यवस्था कामाची नाही. पाण्यावर नजर ठेवणाऱ्याला दुसरं कोणतंही काम नको आणि हातात फोन नको. थकवा येण्याआधी त्याची पाळी बदला. मुलांच्या जोड्या लावा आणि दर 10 मिनिटांनी शिट्टी वाजवून जोड्या मोजा. ‘पोहता येतं’ हे पालकांनी अर्जात लिहिलेलं ग्राह्य धरू नका. पहिल्या दिवशी, त्याच पाण्यात, चाचणी घ्या.

वाहनाच्या बाबतीत परवाना दरवर्षी स्वतः तपासा. जितके सीटबेल्ट तितकीच मुलं, त्याहून एकही मूल जास्त नाही. शिबिराची शेवटची रात्र जागून काढलेला स्वयंसेवक सकाळी चालक म्हणून चालत नाही. त्या प्रवासासाठी रात्री पुरेशी झोप घेतलेला चालक वेगळा ठेवा. स्वयंसेवकाची खासगी गाडी वापरणार असाल, तर त्या गाडीची पॉलिसी संस्थेच्या कामासाठीचा वापर मान्य करते का, हे लेखी विचारा. संस्थेची पॉलिसी आपोआप धावून येईल असं गृहीत धरू नका.

माणसांपासूनच्या धोक्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पार्श्वभूमी तपासणी आवश्यक आहे, पण ती फक्त आधी पकडले गेलेले दाखवते. म्हणून प्रत्यक्ष मुलाखत आणि आधीच्या दोन ठिकाणी फोन करून केलेली चौकशीही हवी. मुलाबरोबरचं प्रत्येक काम दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात चाललं पाहिजे. हाच नियम मोबाइललाही लागू: स्वयंसेवक आणि मूल यांच्यात खासगी संदेश नकोत, पालक किंवा दुसरा कार्यकर्ता त्यात असलाच पाहिजे. मुलाने काही सांगितलं तर शांतपणे ऐका, त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहा, खोदून विचारू नका. संस्थेने स्वतः तपास करायचा नाही. कायद्याने ठरवलेल्या यंत्रणेला लगेच कळवायचं आणि संबंधित माणसाला त्याच क्षणी मुलांपासून दूर करायचं. ‘आधी खात्री करून घेऊ’ म्हणत घालवलेला दिवस मुलासाठी घातक ठरू शकतो.

बाकीचं थोडक्यात. वीज चमकल्यापासून गडगडाट 30 सेकंदांच्या आत ऐकू आला तर सगळ्यांनी पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडायचं नाही. आरोग्य अर्ज दरवर्षी नव्याने भरून घ्या. तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन मुलाबरोबर फिरतं राहू द्या, कार्यालयाच्या कुलुपात नको.

अपघात थोडक्यात टळला तरी 24 तासांत एका पानाचा अर्ज भरायचा, ही सवय लावायला निदान एक वर्ष लागतं, पण नोंदवहीतली सगळ्यात खरी माहिती त्यातूनच येते. अर्जात काय घडलं तेवढंच लिहायचं. चूक कोणाची हे नाही. पहिल्या अर्जावरून कोणाला झापलंत तर दुसरा अर्ज येणार नाही.

आता पॉलिसीची फाइल उघडा. साधारणपणे दायित्व विमा (संस्थेमुळे दुसऱ्या कोणाची हानी झाली तर त्या दाव्यासाठीचा), मुलांचा आणि स्वयंसेवकांचा अपघात विमा, वाहन, मालमत्ता, कर्मचारी भरपाई आणि विश्वस्तांच्या निर्णयांवरच्या दाव्यांसाठीचा विमा अशी पानं असतात. वाचताना अपवादांच्या कलमापासून सुरुवात करा. ‘विमाधारक’ या शब्दाच्या व्याख्येत स्वयंसेवक येतात का ते बघा. कित्येकदा फक्त कर्मचारी असतात. गिर्यारोहण, जलक्रीडा, परदेश प्रवास वगळलेत का? लैंगिक अत्याचाराचे दावे वगळलेत का, की त्यांच्यासाठी वेगळी, लहान मर्यादा आहे? मर्यादा दोन असतात: एका घटनेची आणि पूर्ण वर्षाची. एका घटनेला 10 लाख आणि वर्षाला 20 लाख असतील, तर दोन मोठे दावे झाले की उरलेलं वर्ष संस्था उघडी. वकिलांचा खर्च या मर्यादेतूनच जातो की वेगळा मिळतो, हेही विचारा.

एक फरक मुलांच्या संस्थेने पक्का समजून घ्यावा. काही पॉलिसी घटना ज्या वर्षी घडली त्या वर्षाला धरून चालतात, काही दावा ज्या वर्षी आला त्या वर्षाला. मुलांचे दावे वर्षानुवर्षांनी येऊ शकतात. अनेक ठिकाणी मूल सज्ञान झाल्यावरच दाव्याची मुदत सुरू होते. दुसऱ्या प्रकारची पॉलिसी असेल आणि तुम्ही विमा कंपनी बदललीत, तर नव्या पॉलिसीत मागील तारीख (जिच्यानंतरच्या घटनांचेच दावे पॉलिसी घेते ती) जुन्याइतकीच ठेवून घ्या किंवा जुन्या कंपनीकडून वाढीव कळवणी मुदत (पॉलिसी संपल्यावरही आधीच्या घटनांचे दावे कळवता येतील असा काळ) विकत घ्या. नाहीतर जुन्या पॉलिसीची वर्षं हवेत लटकतात. पहिल्या प्रकारच्या जुन्या पॉलिसी कधीही रद्दीत टाकू नका. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेला त्या वर्षाचाच कागद उत्तर देतो. हजेरीपट, संमतीपत्रं आणि अपघाताचे अर्जही त्याच हिशेबाने जपा.

पालकांच्या सहीने संस्थेची जबाबदारी संपते हा गैरसमज फार खोलवर रुजला आहे. कित्येक कायद्यांत पालक मुलाचा हक्क सोडून देऊ शकत नाहीत आणि निष्काळजीपणाला सही झाकत नाही. संमतीपत्राचा खरा उपयोग पालकांना धोका आधी समजावा हा. म्हणून त्यात ‘विविध उपक्रम’ असं न लिहिता ‘8 मीटर उंचीवर दोरीने चढणं’ असं लिहा.

जागेचा करार सही करण्याआधी नुकसानभरपाईचं कलम वाचा. मालकाच्या चुकीचा भारही संस्थेवर टाकलेला असेल, तर तसं वचन तुमचा विमा पाळेलच असं नाही. ठेकेदाराने दिलेलं विमा प्रमाणपत्र ही नुसती माहिती असते. संस्थेचं नाव अतिरिक्त विमाधारक (म्हणजे ठेकेदाराच्या विम्याचं संरक्षण आपल्यालाही) म्हणून जोडल्याचं पॉलिसीतलं पानच मागा.

अपघात झालाच तर क्रम असा: जखमी मुलावर उपचार, उरलेल्या मुलांची मोजणी, ठरलेल्या एकाच व्यक्तीने पालकांना फोन. मग तुटलेलं साधन जसं आहे तसं बाजूला ठेवणं, फोटो, साक्षीदारांची नावं. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, दावा येईल असं वाटत नसलं तरीही. उशिरा कळवणं हे दावा नाकारला जाण्याचं नेहमीचं कारण आहे. पालकांशी मायेने बोला, दवाखान्यात सोबत बसा, पण भरपाईचं वचन किंवा दोषाची कबुली कोणी परस्पर देऊ नये.

नूतनीकरणाचं काम मुदतीच्या 120 दिवस आधी सुरू करा: मुलांची संख्या, नवे उपक्रम, विमा कंपनीकडून मिळालेला मागच्या पाच वर्षांचा दाव्यांचा तपशील. 90 दिवस आधी सगळं दलालाच्या हातात हवं. प्रस्तावात एखादा उपक्रम लपवून हप्ता कमी केला, तर नेमक्या त्याच उपक्रमातल्या अपघाताला पैसे मिळणार नाहीत. दाव्यातली वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात संस्थेने स्वतः भरायची रक्कम, एवढीच ठेवा, की वर्षात तीनदा भरावी लागली तरी राखीव निधी टिकेल.

हे सगळं चालायला एक अधिकार लागतो, आणि तो मंडळाच्या ठरावात लिहून घ्या: सुरक्षेच्या कारणावरून कोणताही उपक्रम त्या क्षणी थांबवण्याचा. मग पहिल्या आठवड्यात केलेली उपक्रमांची यादी पुन्हा काढा आणि प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: झाकलं, वगळलं, विचारायचं. ‘विचारायचं’ लिहिलेल्यांचं उत्तर विमा कंपनीकडून लेखीच घ्या. उत्तर येईपर्यंत त्या उपक्रमाची तारीख जाहीर होत नाही.