गच्चीचं वॉटरप्रूफिंग: ॲडव्हान्स देण्याआधी काय लिहून घ्याल

सोलापुरात पाऊस बेताचा, तरी स्लॅब गळतात, कारण ऊन. एप्रिल-मेमध्ये गच्ची दिवसभर भाजून निघते आणि वळवाची सर आली की एकदम गार पडते. स्लॅब असा सारखा फुगतो-आकसतो आणि पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) बुडाशी, भिंत आणि स्लॅब मिळतात तिथे, केसासारखी भेग पडते. मी बांधकामावर सुपरवायझर आहे. गळतीची तक्रार आली की आधी तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर भराव, नखाने खरवडून बघतो. पोकळ असेल तर गिलावा पापुद्र्यासारखा हातात येतो.

लोक विचारतात, "त्या माणसाकडे लायसन आहे का?" वॉटरप्रूफिंग करणाऱ्यासाठी असं वेगळं सरकारी लायसन आपल्याकडे नाही. जीएसटी नंबर दिला तर पोर्टलवर नाव ताडून बघा, पण तो करापुरता. त्यावरून काम येतं की नाही ते कळत नाही. मालाचं तसं नाही. सिमेंटमध्ये मिसळायच्या कंपाउंडसाठी आयएस २६४५ हे मानक आहे. डब्यावर आयएसआय शिक्का असेल तर त्यासोबतचा सीएम/एल (परवान्याचा) नंबर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका, खरा-खोटा लगेच कळतो. डबे उघडण्याआधी बॅच नंबर आणि तारखेचे फोटो काढून ठेवा.

कारागिराला बांधून ठेवतं ते कोटेशन. "गच्ची वॉटरप्रूफिंग, एकूण इतके" एवढ्या एका ओळीवर कृपा करून पैसे देऊ नका. किती चौरस फूट, जुना कोबा (स्लॅबवरचा सिमेंटचा थर) फोडणार की त्यावरूनच करणार, कुठला माल, किती हात (कोट), ढाळ कुठल्या बाजूला, राडारोडा कोण उचलणार, सगळं लिहून घ्या. कंपनीची वॉरंटी बहुतेक वेळा मालापुरती असते. कामाची गॅरंटी ठेकेदाराने स्वतःच्या सहीने द्यायची, आणि गळती निघाल्यास किती दिवसांत येऊन फुकट दुरुस्त करणार तेही त्यात हवं. पक्कं बिल घ्या, पैसे खात्यावरून द्या.

शेवटचा हप्ता पाणी भरून बघितल्यावरच. पाणी जायची तोंडं बंद करायची, गच्चीवर दोन-तीन इंच पाणी ४८ तास ठेवायचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून ही चाचणी सर्रास टाळतात. मला हे अजिबात पटत नाही. टँकर मागवा, पण चाचणी करा. उन्हाने पाणी थोडं आटतंच; निकाल खालच्या खोलीत, छताला आणि पंख्याच्या हुकाजवळ ओल येते का, त्यावर.

तरीही गळलं तर दुसऱ्या गवंड्याला हात लावू देण्याआधी फोटो-व्हिडिओ काढा, जमल्यास इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या आणि ठेकेदाराला स्पीड पोस्टाने नोटीस द्या. दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. कामाचे दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

नवा फ्लॅट असेल तर खिशात हात घालण्याआधी ताब्याची तारीख बघा. रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो.